मानेतली शिट्टी

आमच्या मास्तरांच्या मानेत वाजणाऱ्या शिट्टीचं श्रेय मी आठ महिने घेतलं.

पुण्याचे एक डॉक्टर सोडले, तर हे मागच्या महिन्यापर्यंत मी कुणापुढं उच्चारलं नव्हतं. बायकोपुढंही नाही. मी मुळातच कमी बोलणारा, त्यात एसटीचा ड्रायव्हर. डोक्यावर कायम पाटी, ‘चालकाशी बोलू नये’. ती प्रवाशांसाठी असते हे मला माहीत आहे, पण मी ती माझ्याच सोयीसाठी लावलीय असं धरून चाललो. आता पंचावन्न उलटली. मागच्या महिन्यात एकदाचं बोललो, आणि एकदा बोललो तर लिहायला काय हरकत आहे?

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो. आमचे मास्तर भोर गावातले, नदीकडच्या आळीतले. मी वेल्ह्याकडचा, पासलीचा. दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं आम्ही दोघं भोर–हिर्डोशी गाडीवर होतो. ते मला पायलट म्हणायचे. त्या रस्त्यावर ताशी वीसच्या वर काटा कधी गेला नाही, पण पायलट.

बेताची उंची, कडक इस्त्रीची खाकी आणि गळ्यात काळ्या गोफात अडकवलेली पितळी शिट्टी. ही शिट्टी ते चिंच लावून घासायचे. आंघोळीलाही काढायचे नाहीत. भाभी, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणायच्या, “निकाहात बी गळ्यात हीच व्हती. काझीसायबांनी ईचारलं, कबूल है? तर ह्येंनी आधी शिट्टीला हात लावला.”

शिट्टी कशासाठी, तर गाडी रिव्हर्स घ्यायला. हिर्डोशीला गाडी वळवायची जागा म्हणजे एका अंगाला आंबा, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं आणि मध्ये माणुसकीपुरता रस्ता. बाकीचे कंडक्टर मागं उभे राहून “येऊ दे, येऊ दे” करतात आणि थांबवायचं झालं की पत्र्यावर थाप मारतात. आमच्या मास्तरांचा कायदा उलटा होता. ते सलग शिट्टी वाजवत राहायचे आणि थांबायचं असलं की गप्प व्हायचे.

“शिट्टी चालू, तवर गाडी चालू. शिट्टी बंद, गाडी बंद.”

मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “मास्तर, हे उलटं नाही का?”

“आरं, मागं माझा पाय घसरला, मी पडलो चाकापाशी. मग ‘थांब’ची शिट्टी कोन वाजवील? तुजा सासरा?”

मी त्यानंतर कधी विचारलं नाही.

रिव्हर्सवर त्यांचा सगळा धर्म उभा होता. म्हणायचे, “मानसानं शब्द मागं घ्यायचा तर शिट्टी वाजवून घ्यावा. गुपचूप मागं घेतला की मागं हुबं असनारं चिरडतं.” हे नुसतं बोलणं नव्हतं. घरात भाभींशी वाजलं आणि आपली चूक आहे असं ध्यानात आलं, की हा माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आधी शिट्टी वाजवायचा आणि मग म्हणायचा, “मीठ बरूबर व्हतं.” शेजारच्या चार घरांना कळायचं की आज मास्तरांनी माघार घेतली.

गाडीतली भांडणं त्यांना चालायची, पण टप्प्याटप्प्यानं. एकदा खिडकीवरून दोन बायकांचं असं जुंपलं की एकीचं माहेर आणि दुसरीचं सासर दोन्ही निघाली. मास्तर मध्ये उभे राहिले. “मावशी, तुमी दोगींनी तिकीट काडलं. ह्या भांडनाचं कुनी काडलंय? न्हाई ना? मंग निगुडघरला उतरवायचं.” निगुडघर आलं. एक घंटा. मी गाडी थांबवली. मास्तरांनी दार उघडलं, बाहेर बघितलं, कुणाला तरी जागा दिल्यासारखे अंग चोरून बाजूला झाले, दार लावलं. “उतरलं. चला.” टिंग टिंग. पुढं हिर्डोशीपर्यंत त्या दोघी एकमेकींना पेरू देत होत्या.

तर अशा माणसाची मी चेष्टा केली.

त्याचं असं झालं. हिर्डोशीला दुपारी गाडी तासभर उभी राहायची. मास्तर मागच्या लांब बाकावर डाव्या कुशीवर झोपायचे. भोरच्या बाजारात मला एक प्लास्टिकची हिरवी शिट्टी मिळाली होती. पोरासाठी घेतली, खिशात राहिली. एका दुपारी काय अंगात आलं कुणास ठाऊक, मी केबिनमध्ये वाकून हळूच वाजवली.

मास्तर झोपेतून उठले ते थेट दारातून खाली. गाडीमागं पळाले. गाडी बंद, इंजिन बंद, मी स्टेअरिंगवर डोकं ठेवलेलं, आणि हे मागं उभे राहून दोन्ही हातांनी वारा ढवळत वाजवतायत. समोरच्या हॉटेलात चहा पिणारी आठ-दहा माणसं खुर्च्यांवरून खाली यायची राहिली. एक म्हातारबाबा तर हसता हसता म्हणाले, “मला धरा, न्हाईतर मीच जातो रिव्हर्सला.”

जन्मात पहिल्यांदा लोक माझ्यामुळं हसले. तोवर मी म्हणजे गाडीचा एक भाग होतो, बोनेटसारखा. त्या दिवशी हॉटेलवाल्यानं मला नावानं हाक मारली.

मी ती शिट्टी आणखी दोनदा वाजवली. एकूण तीनदा. हा आकडा लक्षात ठेवा, कारण मी तो कधी विसरू शकलो नाही.

तिसऱ्या वेळेनंतर आठवड्याभरात मास्तर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “पायलट, कारागीर झालास लेका. आता लई हळू वाजवतोस. फुस्स… फुस्स… एकदम तालात.”

मी वाजवली नव्हती. शिट्टी घरी पोराच्या खेळण्यात पडली होती.

हॉटेलातली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मी काय केलं? भुवई उडवली. तेवढीच. पण मोठा हशा झाला आणि मग खेळच सुरू झाला. रोज दुपारी मास्तर कुशीवर पडायचे, दोन मिनिटांनी ताडकन उठायचे, “वाजली! आता वाजली!” आणि माझी झडती घ्यायचे. खिसे बघितले. डबा उघडून भाकरीच्या घडीत बघितलं. बोनेट उचललं. एक दिवस माझ्या मिशा बोटांनी विंचरल्या. “ह्यात आसंल, मला दाट संशय हाय.” लोक पैज लावायला लागले. मी आपला भुवई उडवतोय.

गंमत म्हणजे ते डाव्या कुशीवर झोपले की शिट्टी वाजायची, उजव्या कुशीवर कमी. “डाव्या अंगानं वाजवतोस,” मास्तर म्हणायचे. मीही मान डोलवायचो, जसं काही माझ्याकडं डावं-उजवं दोन्ही आहे.

मग आली लावणी. मी चार दिवस रजा काढून पासलीला गेलो. परत आल्यावर डेपोत मास्तर समोर. चेहरा नुसता फुललेला.

“काल दुपारी आलतास व्हय आमच्या घरामागं?”

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

“आरं, भिंतीमागं वाजत व्हती. म्या तुज्या भाभीला म्हनलं, पायलट आलाय, एक कप ठेव भिंतीवर. च्या पिऊन गेलास आन् तोंड न्हाई दावलंस?”

आदल्या दिवशी दुपारी मी पासलीला गुडघाभर चिखलात होतो. हातात भाताची रोपं, पाठीवर इरलं. आणि मी म्हणालो, “आलतो.”

का म्हणालो? तर मास्तर इतर कंडक्टरांकडं वळले आणि मोजायला लागले. त्यांना टप्पे पाठच. “पासली ते वेल्हं. वेल्हं ते नसरापूर. नसरापूर ते भोर. तीन गाड्या! रजा टाकून, लावनी सोडून, तीन गाड्या बदलून ह्यो मला छळाया आला! तुमचा पायलट येतो का रं तुमच्याकडं? माया लागती त्याला, माया.”

कुणी माझ्याबद्दल असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ते शब्द मी घेतले आणि खिशात घातले. चहा कोण प्यालं, हा विचार रात्री आला. मांजर असेल म्हटलं.

आता पुढचं लिहायला हात जड होतो, पण मास्तर असते तर म्हणाले असते, जड सामान टपावर टाक आणि चल.

थंडीच्या सुरवातीला त्यांच्या हातातून तिकिटाला भोक पाडायचा चिमटा पडायला लागला. उजव्या हातातून. उचलायचे, परत पडायचा. “हात झोपला,” म्हणाले. दोन मिनिटांनी हात जागा झाला. “उशिरा उठतोय, मेमो देयाला पायजे.” मग एकदा चढावर असताना म्हणाले, “पायलट, डाव्या डोळ्याचं शटर पडलं.” मी आरशात बघितलं, डोळा तर उघडा. “वरनं खाली आलं, दुकान बंद केल्यावानी.” पाच मिनिटांनी ओरडले, “उघडलं! जेवायची सुट्टी झाली वाटतं त्याची.” सगळी गाडी हसली. मीही हसलो.

कुणाला तरी दाखवा, असं मी म्हणालो नाही. मला वाटलंच नाही असं म्हणणं खोटं होईल. वाटलं होतं. पण डॉक्टर विचारेल, आणखी काय होतं, कानात काही वाजतं का? मग शिट्टीचं निघेल. मग हिर्डोशीचं हॉटेल, भुवई, तीन गाड्या, सगळंच निघेल. मी गिअर बदलला.

मग ती दुपार. आंब्यापाशी गाडी वळवायची होती. मास्तर मागं गेले. शिट्टी सुरू झाली, मी रिव्हर्स टाकला, गाडी दोन हात मागं गेली आणि शिट्टी बंद.

शिट्टी बंद, गाडी बंद. मी ब्रेक दाबला. आरशात मास्तर दिसेनात.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, आज त्यांनी डाव साधला! मला खिंडीत गाठून बसवलंय! मी स्टेअरिंगवर बोटं वाजवत, हसत बसलो. हॉटेलातल्या लोकांना डोळा मारला. पाच मिनिटं तरी बसलो असेन. आयुष्यात इतक्या मिनिटांचा हिशोब मी कधी ठेवला नाही, पण ती पाच मी अजून मोजतो.

मग हॉटेलवाला पळत आला. “पायलट, मास्तर खाली बसल्यात!”

मागच्या चाकापासून हातभर अंतरावर मास्तर मातीत बसले होते. शिट्टी ओठात होती, पण तोंडाचा उजवा कोपरा खाली आलेला आणि वारा तिथून निसटत होता. ते फुंकत होते आणि वाजत नव्हती. मला बघून हसले. अर्धेच हसले. काहीतरी म्हणाले ते “पा… पा…” एवढंच झालं.

हातभर. त्यांचा तो उलटा कायदा नसता तर हे लिहायला मी तुमच्यापुढं बसलोच नसतो.

पंधरा-वीस मिनिटांत तोंड सरळ झालं, आवाज आला. पहिलं वाक्य काय, तर “गाडी लेट झाली.” मी त्यांना उचलून पहिल्या सीटवर ठेवलं आणि मध्ये कुठंही न थांबता भोर गाठलं. प्रवासीही उतरले नाहीत. निगुडघरची एक म्हातारी म्हणाली, “मला माघारी सोडा मागनं, आदी मास्तरला पोचवा.”

भोरच्या डॉक्टरांनी हातपाय तपासले, डोळे बघितले आणि नेमकं तेच विचारलं. “कानात आवाज येतो का? ठोक्याबरोबर, वारा गेल्यासारखा?”

“छ्या! आवाज येतो, पन त्यो ह्या पायलटचा. शिट्टी वाजवतो लपून.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. “तुम्ही वाजवता?”

एक साधं उत्तर. तीनदा वाजवली साहेब, बाकी मी नाही. मी खाली बघितलं. पायातल्या चपलेला हिर्डोशीची लाल माती होती. अजून दिसते.

देव कुठला तरी जागा होता. डॉक्टरांनी उत्तराची वाट न बघता आपली नळी मास्तरांच्या मानेवर, जबड्याखाली डाव्या अंगाला टेकवली. बराच वेळ ऐकलं. मग गालात हसून म्हणाले, “मास्तर, पायलट तर समोर उभा आहे, हात बांधून. आणि इथं आत्ता वाजतेय.” नळीची टोकं काढून त्यांनी मास्तरांच्या कानात घातली.

मास्तरांनी आपलीच मान ऐकली. डोळे एवढे मोठे झाले.

“हीच! आगदी हीच!” आणि माझ्याकडं वळून, “लेका, हितं कशी लपवलीस?”

डॉक्टर खुर्चीत मागं रेलून हसले.

डॉक्टरांनी मग नीट सांगितलं. मानेतली रक्तवाहिनी आतून अरुंद झाली असावी. रक्त तिथून घासत जातं म्हणून वाजतं. तिथला एखादा कण सुटून मेंदूकडं गेला की हात झोपतो, डोळ्यावर पडदा येतो, जीभ अडते. आज सुटलात, पुढच्या वेळी सुटाल असं नाही. “लगेच पुण्याला जाऊन मानेचा सीटी स्कॅन करा. शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्या दिसतात तो.”

“शिटी स्कॅन,” मास्तर मान डोलवत म्हणाले. “बरूबर. शिट्टी हाय, तर शिटी स्कॅनच पायजे.”

“शिट्टी नाही हो. सी, टी.”

“त्येच म्हनतोय की मी. शिटी.”

डॉक्टरांनी वाद निगुडघरला उतरवला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात. मशीन असलेल्या खोलीत एक तरतरीत मुलगी होती. “काका, गळ्यातलं काढा.”

“ह्ये निघत न्हाई.”

“धातूचं चालत नाही. फोटोत चमकतं.”

“चमकंलच की. रोज चिंच लावतो.”

शेवटी मास्तरांनी गोफ काढला. गळा एकदम लहान मुलासारखा दिसायला लागला. शिट्टी माझ्या हातात ठेवून, ड्युटी बदलताना देतात तसा दोन्ही हातांनी चार्ज दिला. “सांबाळ. आन् रिव्हर्सला वाजव.”

मी काचेमागं. ती मुलगी सांगत होती, “हलू नका, बोलू नका, गिळू नका. औषध सोडल्यावर अंगातून गरम गरम जाईल, घाबरू नका.” मास्तरांना न बोलण्याची अट सगळ्यात जड गेली असणार. फळी त्यांना घेऊन त्या मोठ्या कड्यात सरकली. थांबली. मग औषध गेलं, आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर असा काही भाव आला की ती मुलगी मला म्हणाली, “सगळ्यांना असंच वाटतं.” फळी परत मागं यायला लागली, आणि आतून आवाज आला, “पायलट! रिव्हर्स हाय!”

माझ्या हातात शिट्टी होती. ओठांपर्यंत नेली. वाजवता आली नाही. ती शिट्टी वाजवायचा माझा हक्क नाही असं वाटलं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि कानात विचारलं, “बग रं, मागनं पँट वली झालीय का?”

“कोरडी आहे मास्तर.”

“शप्पथ घे.”

मग तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. कातडी नाही, मांस नाही. हाडं आणि त्यांच्या बाजूनं वर चढत गेलेल्या पांढऱ्या वाटा. त्यांनी मान गरागरा फिरवून दाखवली. मास्तर खूश. “एवडी मागं वळती व्हय माजी मान? रिव्हर्सला कामाला आली आसती.”

“इथं मोठी वाहिनी दोन फाट्यांना फुटते,” डॉक्टर सांगत होते. “एक फाटा चेहऱ्याकडं, दुसरा मेंदूकडं. उजवीकडं बघा, रस्ता मोकळा. आणि हा डावा.”

डाव्या फाट्याच्या जरा वर पांढरी वाट एकाएकी दोऱ्याएवढी झाली होती. दोऱ्यापलीकडं परत रुंद. मी घाटातला ड्रायव्हर. मला ते चित्र कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“फाट्यावर अतिक्रमन,” मास्तर म्हणाले.

“अगदी बरोबर. ते काढायला लागेल. लवकर.”

मास्तर भाभींना फोन लावायला बाहेर गेले. मी मागं राहिलो. माझ्या तोंडून निघालं, “साहेब, त्यांना आवाज आठ महिने येत होता.”

“आठ? मग कुणाला दाखवलं नाही?”

“त्यांना वाटलं, मी वाजवतोय. मी नाही म्हणालो नाही.”

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “अहो, एवढ्या वाटेनं आठ महिने निभावलं. नशीब तुमचं.” त्यांचं म्हणाले नाहीत. तुमचं म्हणाले. “त्यांना सांगितलंत?”

“सांगतो.”

सांगितलं नाही.

आवाजाचा उलगडा मास्तरांनी स्वतःच करून टाकला होता. पंचवीस वर्षं शिट्टी बाहेर फुंकली, थोडी थोडी आत राहिली, ती साठून वाजायला लागली. “पन ती येगळी आन् पायलटची येगळी,” भेटायला येईल त्याला ते सांगायचे. “पायलटची मी वळकतो. भिंतीमागली पायलटची.” आणि मग पासली, वेल्हं, नसरापूर, तीन गाड्या. हे ऐकत मी खाटेशेजारी मोसंबी सोलायचो. एक शब्द मागं घ्यायचा, तर त्यांच्या पिशवीतली सगळ्यात आवडती गोष्ट काढून घ्यायला लागणार होती.

ऑपरेशन झालं. मानेतला गाळ काढला. शुद्धीवर आल्यावर बोलता येतं का बघायला डॉक्टरांनी नाव विचारलं, तर मास्तर म्हणाले, “आदी सुट्टे काडा.” सगळ्यांना कळलं की माणूस जागेवर आहे.

पुढं त्यांना डेपोतच चौकशीच्या खिडकीवर हलकं काम मिळालं. त्यांनी स्कॅनची ती काळी फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवली. कुणी विचारलं, ह्यो कंचा रूट, तर म्हणायचे, “ह्यो माजा. भोर ते मेंदू. मदी काम चालू व्हतं, आता मोकळा हाय.”

दोनेक महिन्यांनी मी खिडकीपाशी उभा होतो. मास्तर जरा पडलेल्या आवाजात म्हणाले, “पायलट, येत न्हाईस आताशा घरी.”

“कुठं मास्तर?”

“भिंतीमागं. शिट्टी ऐकू येत न्हाई.”

मान दुरुस्त झाली म्हणून आवाज गेला, हे मला माहीत होतं. त्यांच्या लेखी मी यायचं बंद केलं होतं.

पुढच्या सुट्टीला मी पोराच्या खेळण्यातली हिरवी शिट्टी काढली. पासली ते वेल्हं. वेल्हं ते नसरापूर. नसरापूर ते भोर. दुपारी दोन वाजता नदीकडच्या आळीत, भिंतीमागं, सीताफळाच्या झाडाखाली वाकून उभा राहिलो आणि वाजवली. आतून मास्तरांचा आवाज, “आला! आला बग! अगं, एक कप ठेव!” ते बनियनवरच बाहेर आले, माझी मानगूट पकडली, “घावला! घावला एकदाचा!” आणि मला मिठी मारून असे नाचले की मानेवरचा टाका उसवतो की काय असं वाटलं. भाभींनी भिंतीवर चहा ठेवला. मी प्यालो. मी शेवटचा घोट घेताना मास्तर जरा नाराजीनं कपाकडं बघत होते असं वाटलं. म्हटलं अशक्तपणा असेल.

नंतर मी कितीतरी वेळा गेलो. खोट्याचं खरं करायला दर वेळी तीन गाड्या लागायच्या. मास्तर पुढं बरीच वर्षं जगले, ईदेला शीरखुर्म्याचा डबा खिडकीतून काढून द्यायचे, आणि झोपेतच गेले. पितळी शिट्टी भाभींनी मला दिली. “तुमच्याकडंच चार्ज हाय म्हनले व्हते.”

मागच्या महिन्यात मी भोरला गेलो. भाभी आता थकल्यात. मी भिंतीमागं गेलो, सीताफळाखाली उभा राहिलो, आणि पहिल्यांदा ती पितळी शिट्टी ओठाला लावली. आधी शिट्टी, मग शब्द. लांब वाजवली. थांबवली. आणि भिंतीला म्हणालो, “मास्तर, लावणीच्या वेळी मी आलो नव्हतो. मी पासलीला चिखलात होतो. मी तीनदाच वाजवली, बाकीची तुमची मान होती.”

“काय म्हनलात?” भिंतीवरून भाभींचं डोकं वर आलं. “शिट्टीनं कानठळ्या बसल्या, काय ऐकू आलं न्हाई.”

मग मला सगळं परत, त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं. आठ महिने, भुवई, डॉक्टर, पाच मिनिटं, सगळं. भाभी ऐकत राहिल्या. मी मान खाली घालून उभा.

“म्हंजे तुमी आलाच न्हवता.”

“नाही.”

“एकदा बी न्हाई? आपरेशनच्या आदी?”

“एकदाही नाही भाभी.”

“मंग भिंतीवरचा च्या कोन प्यायचं?”

मी वर बघितलं. भाभींनी कंबरेवर हात ठेवले होते.

“आवं, शुगर निगाली म्हनून म्या ह्येंचा च्या बंद केलता. दिवसाला एक, सकाळचा, बिनसाकरंचा. आन् दर सुट्टीला दुपारचं ह्ये वरडायचे, पायलट आलाय, एक कप ठेव, गोड कर, लांबनं आलाय! म्या ठेवायची आन् आत जायची. येऊन बगते तर कप चाटूनपुसून साफ!”

मग भाभींच्या खांद्याला हिसका बसला, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. त्यांनी भिंत धरली, मी झाड धरलं. मानेत शिट्टी वाजत होती, मी तिचं श्रेय घेत होतो, आणि मास्तर माझ्या वाटचा चहा पीत होते.

माझं ओझं उतरलं असं म्हणणार नाही. ती पाच मिनिटं अजून गाडीतच बसलीत, त्यांचं निगुडघर आलेलं नाही. पण भाभी डोळे पुसत आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. भिंतीवर ठेवला. “घ्या. आता खराच तुमचा.”

मी अर्धा प्यालो. अर्धा भिंतीवर ठेवला आणि तोंड फिरवून नदीकडं बघत उभा राहिलो. मास्तरांना पिताना कुणी बघितलेलं चालायचं नाही.